कुत्र्याच्या गुर्द्याचा काप

माझ्या हातून आयुष्यात एकच चित्र बरं निघालं, ते कुत्र्याच्या मूत्रपिंडाचं. पशुवैद्यकीय कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. साल चौऱ्याऐंशी असावं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल ते जर्नलमध्ये काढायचं आणि त्यासाठी जांभळी अन् गुलाबी अशा दोनच रंगांच्या पेन्सिली वापरायच्या, असा नियम होता. पेशीचं केंद्रक जांभळं, बाकी सगळं गुलाबी. आमच्या सरांनी माझं चित्र जर्नलमधून सुटं करून घेतलं आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवर चिकटवलं. मी धनगराचा पोरगा, इंग्रजीत पहिलं वर्ष कसंबसं काढलेला. त्या दिवसापासून वर्गातली मुलं माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागली, असं मला तरी वाटलं.

त्या चित्रात काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कुत्र्याचं मूत्रपिंड घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचं, गुळगुळीत, तपकिरी-तांबडं. गायीच्या मूत्रपिंडाला गाठी-गाठी असतात, तशा ह्याला नसतात. वर पातळ पापुद्रा असतो, तो निरोगी मूत्रपिंडावरून केळीच्या सालीसारखा सुटून येतो. मधोमध उभं कापलं की बाहेरचा भाग गडद दिसतो आणि आतला फिकट, रेघारेघांचा. बाहेरच्या भागात बारीक लाल ठिपके असतात. नुसत्या डोळ्यांनी नीट बघितलं तर दिसतात. ते ठिपके म्हणजे रक्तवाहिन्यांचे गोळे. पातळ भिंतीच्या वाटीत ठेवलेले दोऱ्याचे गुंतवळे जणू. कुत्र्याच्या एका मूत्रपिंडात असे लाखो असतात. तिथं रक्त गाळलं जातं. गाळलेलं पाणी पुढं एका वळणावळणाच्या नळीत जातं, आणि त्या नळीच्या पेशी त्यातलं कामाचं सगळं परत ओढून घेतात. ह्या पेशींच्या आतल्या कडेला ब्रशाच्या केसांसारखी दाट झालर असते. माझ्या चित्रात ती झालर मी इतकी बारीक काढली होती, की सरांनी भिंग लावून बघितली.

तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं, "इथल्या काही नळ्यांच्या पेशींत पांढरी भोकं दिसतात. हा रोग आहे का?" मी म्हणालो, "नाही सर. कुत्र्याच्या मूत्रपिंडात काही नळ्यांत चरबीचे थेंब निरोगीपणीही असतात. काप तयार करताना चरबी विरघळून जाते, तिची जागा रिकामी दिसते." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सरांकडे बघून मान हलवली. हे उत्तर मला पुस्तकातून आलं नव्हतं. प्रयोगशाळेत काप करणारे एक वयस्कर शिपाई होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. त्यांनी सांगितलं होतं.

मामांचं काम मी तासन् तास बघत बसायचो. मूत्रपिंडाचा नखाएवढा तुकडा फॉर्मेलिनमध्ये मुरवायचा, मग त्यातलं पाणी काढायचं, मग त्याला मेणात बसवायचं आणि त्या मेणाच्या ठोकळ्याचे यंत्रावर पातळ काप काढायचे. इतके पातळ, की फुंकर मारली तर उडून जावेत. काप एकाला एक जोडून फितीसारखे बाहेर यायचे. मामा ती फीत कोमट पाण्यावर सोडायचे आणि खालून काच सरकवून अलगद उचलायचे. "घाई करायची नाही," एवढंच म्हणायचे. "काप चुरगाळला की मग त्याला रोग झाल्यासारखा दिसतो. रोग नसतो, आपला हात असतो."

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या शिवाराला लागून. मी दहावीत असताना वडील गेले. माझा मोठा भाऊ, दादा, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. चौथीतून शाळा सोडून तो मेंढरांमागं लागला होता. तो मेंढरांमागं राहिला म्हणून मी शाळेत राहिलो. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, आणि त्यामुळं मला ते जास्त जड जायचं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी दादाला बांधावर बसून मूत्रपिंडाचं सगळं सांगितलं. बोटानं मातीत चित्र काढलं. तो बिडी ओढत ऐकत होता. मेंढरं पलीकडं चरत होती आणि त्याचं कुत्रं त्याच्या पायाशी पडलेलं. पिवळसर रंगाचं, कान फाटलेलं, छातीला रुंद. त्याला नाव नव्हतं. दादा जिभेनं टाळूवर एक आवाज काढायचा, त्या आवाजावर ते दोन शेतं ओलांडून यायचं.

"गुर्दे बघाया एवढ्या दूर गेल्ता का तू?" दादा हसला. "बकऱ्याचे तर म्या इथंच दाखवले असते."

"बकऱ्याचे अन् कुत्र्याचे दिसायला सारखेच असतात दादा."

"मंग माणसाचे?"

"आतून बरेचसे तसेच."

तो कुत्र्याच्या पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या मागं, हात ठेवून म्हणाला, "इथं हाय का?"

"हो. उजवं जरा पुढं, कलेजीच्या खोबणीत बसलेलं. डावं थोडं मागं, सैल."

दादा बराच वेळ तिथंच हात ठेवून बसला होता. मग वहिनीला जाऊन सांगितलं, "आपल्या कुत्र्याच्या पोटात लाख लाख गाळण्या हायेत म्हणं." त्यानंतर आठ दिवस जो भेटेल त्याला तो हे सांगत होता.

कॉलेज संपवून मला नोकरी लागली ती मंठा तालुक्यातल्या एका दवाखान्यात. एकोणनव्वद साल. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. माझ्या आधी तिथं दीड वर्ष डॉक्टर नव्हता, त्यामुळं गर्दी असायची. लोक "साहेब" म्हणायचे. चोविसाव्या वर्षी साहेब व्हायला फार आवडतं. मलाही आवडलं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मी दोन दिवसांच्या रजेवर घरी गेलो, तर कुत्रं गोठ्यात पडलेलं. चार दिवसांपूर्वी लांडगा मेंढरावर आला होता. मेंढरू वाचलं, पण कुत्र्याची मान आणि खांदा फाटला होता. जखमेत किडे पडले होते. दादानं हळद भरली होती, चुना भरला होता. कुत्रं खात नव्हतं, पाणी जेमतेम चाटत होतं. ते आता दहा वर्षांचं, म्हणजे म्हातारंच होतं.

"तू आला, बरं झालं," दादा म्हणाला. "आता काही फिकीर न्हाई."

मी जखम धुतली, किडे काढले, सडलेलं कातडं कापलं. पिसाळल्याची लस दिली. आणि मग पिशवीतून जेंटामायसिनच्या बाटल्या काढल्या. त्या काळी आमच्यासारख्या नव्या डॉक्टरांना ते इंजेक्शन म्हणजे हुकमी वाटायचं. कुठलीही घाण जखम असो, त्यानं भरायची. मी कुत्र्याचं वजन केलं नाही. नजरेनं अंदाज घेतला, आणि जखम मोठी म्हणून मात्रा थोडी वरच धरली. दादाला मेंढरांना सुई मारायची सवय होती. त्याला सांगितलं, "सकाळ-संध्याकाळ एकेक. दहा दिवस. मध्ये सोडायचं नाही."

ह्या औषधाबद्दल पुस्तकात काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. मूत्रपिंडातल्या त्या झालरीच्या नळ्या हे औषध आत ओढून घेतात आणि साठवतात. जनावर म्हातारं असेल, त्याच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असेल, तर त्या पेशी मरतात. ह्यावर मला प्रश्न आला होता, आणि मी पूर्ण गुण मिळवले होते. पण त्या दिवशी गोठ्यात, एप्रिलच्या उन्हात, तोंड कोरडं पडलेलं म्हातारं कुत्रं समोर असताना मला ते वाक्य आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी थांबलो असतो का, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही. दादा बघत होता. गल्लीतली चार माणसं बघत होती. मला जखम लवकर भरलेली दाखवायची होती.

आठव्या दिवशी दादा मंठ्याला आला. मेंढरं वहिनीवर सोडून, भोकरदन, जालना, मंठा अशा तीन एसट्या बदलून. मी पडवीत एका गायीची प्रसूती करत होतो. वासरू आडवं आलं होतं, हात खांद्यापर्यंत आत. दादा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा राहिला. मालक, त्याचे दोन भाऊ, बघे, सगळ्यांचा गलका.

"काहून आला दादा?" मी तसंच वाकून विचारलं.

"कुत्र्याचं सांगाया आल्तो. जखम भरत आली, लई झकास. पर ते लई पाणी पेऊन राह्यलं. अन् लई मुतून राह्यलं. पाण्यासारखं. काल भाकर टाकली तं तोंड फिरवलं."

"पाणी पितंय ना? मग चांगलं आहे. आधी पीत नव्हतं."

"उलटी बी केली एक डाव."

"औषधानं होते कधी कधी."

"मंग बंद करू का सुई? जखम तं भरली."

वासराचा पाय माझ्या हाताला लागला होता. मी म्हणालो, "नाही नाही, कोर्स पुरा करायला पाहिजे. दोनच दिवस राहिलेत. मध्येच सोडलं तर जखम परत चिघळते."

"बराबर," दादा म्हणाला. "तू म्हणतो तसं."

वासरू जिवंत निघालं. लोकांनी मला चहा दिला, दादालाही दिला. साहेबांचा भाऊ म्हणून त्याला खुर्ची दिली. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. पाऊण तासानं तो परतीच्या गाडीला निघाला. तीन एसट्या बदलून तो ज्या दोन वाक्यांसाठी आला होता, त्या दोन वाक्यांतच सगळा रोग सांगितलेला होता. पाण्यासारखी लघवी आणि अन्नावरची वासना उडणं. म्हणजे नळ्या पाणी परत ओढेनाशा झाल्या. कुठल्याही दुसऱ्या वर्षाच्या मुलानं ओळखलं असतं. मी तर त्या नळ्यांचं चित्र भिंतीवर लावून आलेलो होतो.

शनिवारी मी घरी गेलो. सुया पुऱ्या झाल्या होत्या. जखमेवर गुलाबी कातडं आलं होतं आणि कुत्रं मरायला टेकलं होतं. गोठ्यात शिरल्या शिरल्या त्याच्या तोंडाचा वास आला, लघवीसारखा, अमोनियासारखा. जिभेच्या कडेला फोड होते. आदल्या दिवसापासून लघवी बंद होती. तेव्हा मला सगळं एकदम कळलं. मी सलाईन लावलं, पण आता आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नव्हती. रविवारी दुपारी ते गेलं. शेवटी शेवटी दादानं टाळूवरचा तो आवाज काढला, तेव्हा त्यानं कान हलवला होता.

दादानं खड्डा खणायला घेतला. मी म्हणालो, "दादा, मला बघू दे आत."

"फाडतो? काहून?"

"कळेल कशानं गेलं ते."

त्यानं फावडं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "बघ मंग. तुपलं शिक्षण तेच हाय." आणि त्यानं स्वतः खाली बसून कुत्र्याचे पाय धरले.

दोन्ही मूत्रपिंडं सुजलेली होती. रंग उतरलेला, फिकट, ओलसर. पापुद्रा सहज सुटला, म्हणजे दुखणं जुनं नव्हतं. हे मी मनातल्या मनात नोंदलं. जुना आजार असता तर पापुद्रा चिकटला असता, खालचा भाग खडबडीत, आक्रसलेला असता. हे ताजं होतं, दहा-बारा दिवसांचं. मधोमध कापलं तर कापलेला भाग कडेच्या बाहेर फुगून आला.

दादा वाकून बघत होता. त्यानं आयुष्यात शेकडो गुर्दे पाहिले होते. "पांढरं पडलं की," तो म्हणाला. "असं नसतं. काय झाल्तं रे ह्याला?"

मी म्हणालो, "वय झालं होतं दादा. म्हातारपणी गुर्दे थकतात."

हे वाक्य मी किती सहज बोललो. त्या क्षणी मला नक्की खात्री नव्हती, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खात्री होती.

तुकडे मी फॉर्मेलिनच्या बाटलीत घातले आणि महिन्याभरानं कॉलेजवर घेऊन गेलो. का नेले? सुटका व्हावी म्हणून. वाटलं, कापात दुसरंच काहीतरी निघेल, जुनाट आजार, गाठ, जंत, काहीही. मामांनी नेहमीसारखे शांतपणे काप काढले, रंगवले. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

रक्त गाळणारे गोळे जसेच्या तसे होते, गोल, टवटवीत, जणू काही झालंच नाही. आणि त्यांच्या भोवतीच्या नळ्या मेलेल्या. पेशींची केंद्रकं नाहीशी झालेली, झालर नाही, सगळं नुसतं गुलाबी, दाणेदार. काही ठिकाणी पेशी भिंतीपासून सुटून नळीच्या पोकळीत पडल्या होत्या आणि त्यांनीच वाट बुजवली होती. पुस्तकातसुद्धा इतकं स्वच्छ चित्र नसतं.

सर तेवढ्यात आले. त्यांनी बघितलं आणि खूश झाले. "काय सुंदर स्लाइड आहे! औषधानं झालेलं आहे हे. जेंटामायसिन?"

"हो सर."

"कुणी दिलं एवढं?"

मामा शेजारी काचा पुसत होते. मी म्हणालो, "मालकानंच सर. मेंढपाळ आहे. दुकानातून आणून दिलं, दहा दिवस. अडाणी माणूस, त्याला काय कळतं."

"हेच होतं," सर म्हणाले. "ही राहू दे इथं. मुलांना दाखवायला होईल."

त्यांनी लगेच वही काढून नोंद केली. मी थांबवलं नाही. मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं, पण त्यांना काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ज्या माणसानं मला शिकवलं, ज्यानं मेलेल्या कुत्र्याचे पाय माझ्यासाठी धरले, त्याला मी एका वाक्यात अडाणी मेंढपाळ करून वहीत बसवला आणि दुपारच्या गाडीनं परत आलो.

त्यानंतर बारा वर्षं गेली. बदल्या झाल्या, लग्न झालं. जालन्याला बदली झाल्यावर तिथंच मस्तगड भागात भाड्यानं घर घेतलं. त्या औषधाच्या बाबतीत मी इतका जपून वागायचो की हाताखालचे लोक हसायचे. जनावराचं वजन केल्याशिवाय, त्याचं पाणी-लघवी विचारल्याशिवाय मी ते दिलं नाही. त्यामुळं बऱ्याच जनावरांचं भलं झालं असेल. पण दादाला मी सांगितलं नाही. गावी गेलो की दर वेळी वाटायचं, आज सांगू. मग वहिनी जेवायला वाढायची, मुलं अंगाखांद्यावर यायची, दादा कुणाला तरी अभिमानानं सांगत असायचा, "आपल्या भावानं लांडग्याच्या तोंडातून कुत्रं वाचवल्तं. जखम अशी भरली की मागमूस न्हाई. ते नंतर म्हातारपणानं गेलं." ह्या बोलण्यापुढं माझं तोंड उघडायचं नाही.

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात मी गेलो होतो. सकाळी ओट्यावर चहा पीत बसलो असताना शेजारच्या वस्तीवरचा एक मेंढपाळ आला. त्याच्या कुत्र्याला रानडुकरानं फाडलं होतं. मला वाटलं, माझ्याकडं आला असेल. तो दादाकडं आला होता. दादा आत गेला आणि खुंटीवरची पिशवी घेऊन आला. त्यातून त्यानं सिरिंज काढली आणि एक बाटली. बाटली ओळखायला मला लेबल वाचावं लागलं नाही.

"हे काय दादा?"

"तूच दिल्तं की. म्या ती रिकामी बाटली ठिवली व्हती. दुकानात दाखवली, बराबर तेच देतात. लई गुणाचं औषध हाय."

"तू देतोस हे?"

"आजूबाजूचे समदे ह्यांच्याकडंच येतात," वहिनी उंबऱ्यातून कौतुकानं म्हणाली, "डाक्टरचा भाऊ म्हणून."

"किती दिवस देतो?"

"दहा दिवस. कोर्स पुरा कराया पाहिजे न."

मी कप खाली ठेवला. "आणि कुत्री बरी होतात?"

"जखम भरती समद्यांची. तीन-चार मेले नंतर, पर म्हातारे व्हते. म्हातारपणी गुर्दे थकतात. तूच म्हणला व्हता."

मी त्या मेंढपाळाला म्हणालो, मी येतो तुमच्या कुत्र्याकडं, तुम्ही पुढं व्हा. तो गेल्यावर मी दादाला मागच्या बांधावर नेलं आणि सगळं सांगितलं. औषध, मात्रा, मंठ्याची ती दुपार, कापात दिसलेल्या मेलेल्या नळ्या, आणि सरांना काय सांगितलं तेही. दादा माझ्याकडं बघत नव्हता. तो बोटांवर काहीतरी मोजत होता.

"पाच," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "न्हाई, सहा. एक तं जवान व्हतं. त्याला उलटी व्हायली म्हणून त्याचा मालक आल्ता. म्या म्हणलं, व्हती कधी कधी."

त्यानं बोटं मिटली.

"तवाच सांगायचं रे," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तवा सांगितलं असतं तं म्या तुला दोन शिव्या दिल्या असत्या अन् संध्याकाळी संगच जेवलो असतो. मपलं एकच गेलं असतं. हे बाकीचे कशानं गेले?"

आधी आम्ही त्या रानडुकरानं फाडलेल्या कुत्र्याकडं गेलो. मी दुसरं औषध दिलं. मग दादा म्हणाला, "चल." ज्यांची कुत्री गेली त्या प्रत्येकाच्या वस्तीवर तो मला घेऊन गेला. पायी, उन्हात. प्रत्येक ठिकाणी त्यानं एकच सांगितलं, "तुपलं कुत्रं म्हातारपणानं न्हाई मेलं. म्या दिलेल्या सुईनं मेलं. मपली चूक झाली." पहिल्या वस्तीवर मी पुढं होऊन म्हणालो, "चूक खरं तर माझी..." तर त्यानं माझं मनगट धरलं आणि बोलू दिलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "तू जाणून बुजून थोडंच केलं." ज्याचं जवान कुत्रं गेलं होतं, तो ऐकून आत निघून गेला. दादा त्याच्या अंगणात तसाच उभा राहिला, मग आम्ही वळलो.

वाटेत मी विचारलं, "दादा, माझं नाव का नाही घेऊ दिलं?"

"तुला डाक्टर म्हणून मानतात इथं. उद्या जनावर अडलं तं कोणाकडं जातील? माझ्याकडं तं आता येणार न्हाईत, ते बरंच झालं." मग चालता चालता म्हणाला, "तुला वाचवाया न्हाई केलं म्या."

त्याच महिन्यात मी कॉलेजवर गेलो. सर निवृत्त झाले होते. मामा वारले, असं तिथं कळलं. भिंतीवरचं चित्र रंगकामात केव्हाच काढलं गेलं होतं. स्लाइड मात्र लाकडी पेटीत होती, आणि वहीत सरांच्या सुबक अक्षरात नोंद: वृद्ध कुत्रा, अशिक्षित मेंढपाळ मालकाकडून औषधाचा चुकीचा वापर. तिथल्या तरुण प्राध्यापक बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वही पुढं केली. मी ती ओळ खोडून त्याखाली लिहिलं: औषध पशुवैद्यकानं दिलं, मालकानं लक्षणं वेळेवर सांगितली होती, पशुवैद्यकानं ऐकली नाहीत. खाली सही केली. बाई म्हणाल्या, "बारा वर्षांत ही स्लाइड किती बॅचेसनी बघितली असेल." त्या सहज बोलल्या. मलाही तेच वाटत होतं. त्यातली कितीतरी मुलं आता ठिकठिकाणी डॉक्टर आहेत आणि समोर उभ्या राहिलेल्या मेंढपाळाकडं कुठल्या नजरेनं बघत असतील, कोण जाणे.

दादानं पुढं दोन-तीन वर्षांत मेंढरं विकली. गुडघे धरायला लागले होते आणि चराईची रानंही राहिली नव्हती. थोड्या जमिनीत तो कपाशी आणि मका घेतो. आमचं बोलणं बंद झालं नाही. मी जातो तेव्हा तो पाऊसपाण्याचं, सोयरिकींचं सगळं बोलतो, मला आग्रह करून जेवायला घालतो. त्याच्या पोरीच्या लग्नात त्यानं सगळ्यात पुढं मलाच बसवलं. पण त्या उन्हाळ्यानंतर त्यानं मला एकाही जनावराचं औषध विचारलं नाही. बैलाचा पाय सुजला, गाय गाभण राहीना, तरी तो भोकरदनच्या डॉक्टरांना बोलावून घेतो. मी घरात असलो तरी. मागच्या खेपेला ते डॉक्टर आले तेव्हा मी ओट्यावरच होतो. ते मला ओळखत होते, "साहेब, तुम्ही असताना मी काय बघणार," असं संकोचानं म्हणाले. दादा म्हणाला, "त्याला सुट्टी हाय. तुम्ही बघा." आणि बैलाची दोरी धरून उभा राहिला. मी आत जाऊन डॉक्टरांना हात धुवायला पाणी आणून दिलं.